क्षयरोग : गोळी मिळते, सांगणारा मिळत नाही

क्षयरोगाचे देशातून उच्चाटन करण्यासाठी शासनाने ठरविलेली २०२५ सालाची मुदत सरली. २०१५ च्या तुलनेत नवीन रुग्णांचे प्रमाण ८० टक्क्यांनी खाली आणायचे असे ठरले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालाप्रमाणे दर लाख लोकसंख्येमागे २०१५ साली २३७ असलेले प्रमाण २०२४ मध्ये १८७ वर आले, म्हणजे घट २१ टक्क्यांची. ही घट जगाच्या सरासरीपेक्षा बरी आहे, हेही मान्य करावे लागेल. तथापि जगातल्या दर चार क्षयरुग्णांपैकी साधारण एक आजही आपल्या देशातला आहे, आणि तो बहुतेक वेळा हातावर पोट असलेला आहे.

केवळ औषधांअभावी हे घडले असे म्हणता येत नाही. तपासणी फुकट, गोळ्या फुकट, खाजगी डॉक्टरकडे उपचार घेणाऱ्यालाही सरकारी गोळ्या फुकट मिळू शकतात. सहा महिने रोज गोळ्या घेतल्या की साधा क्षय बरा होतो, हे गावातल्या शाळकरी पोरालाही आता ठाऊक आहे. मग अडते कुठे? कारणे पुष्कळ आहेत. त्यातल्या एकाच कारणाचा विचार येथे करावयाचा आहे. गोळ्यांचे पाकीट रुग्णाच्या हातात देणारा माणूस, मग तो प्राथमिक आरोग्य केंद्रातला औषधनिर्माण अधिकारी असो की बाजारातला मेडिकलवाला, रुग्णाशी काय बोलतो आणि किती बोलतो? रुग्णाचे सहा महिने कसे जातात हे त्या बोलण्यावर बरेचसे ठरते.

शेतीखात्याच्या माणसाने पिकाचे सोडून औषधाच्या खिडकीत का डोकवावे, असे कोणी विचारील. आमचा विस्ताराचा सारा धंदाच मुळी सांगण्याचा आहे. चांगले बियाणे, चांगले औषध बाजारात आले म्हणजे उत्पन्न वाढले असे होत नाही. ते कधी, कसे, किती वापरायचे हे सांगणारा लागतो. आणि शेतकरी ऐकतो कुणाचे? आमच्यासारखा माणूस गावात पंधरा दिवसांनी येणार, कृषी सेवा केंद्राचा दुकानदार रोज भेटतो, वर उधारीही देतो. साहजिकच त्याचे ऐकले जाते. हे ओळखूनच हैदराबादच्या मॅनेज या संस्थेने २००३ साली खते-औषधे विकणाऱ्या दुकानदारांसाठी 'देसी' नावाचा वर्षभराचा पदविका अभ्यासक्रम सुरू केला. विकणाराच सांगणारा व्हावा, हा त्यामागचा विचार. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. बाटली प्रत्येकाच्या हातात पोचली होती. तोंडाला फडके, हातात मोजे, वाऱ्याची दिशा, दोन औषधे मनाने मिसळू नयेत, हे सांगणे किती जणांपर्यंत पोचले होते हा प्रश्न त्या वेळी सगळ्यांनाच पडला.

क्षयाच्या गोळीचेही तसेच आहे. फरक इतकाच, की येथे फवारणी एका दिवसाची नसून सहा महिन्यांची आहे.

समोर गिळण्यापासून घरी नेण्यापर्यंत

१९९७ साली देशात सुधारित क्षयरोग कार्यक्रम सुरू झाला आणि २००६ पर्यंत तो सगळ्या देशात पोचला. त्यात 'डॉट्स' ही पद्धत होती. आठवड्यातून तीन वेळा, दिवसाआड, कोणाच्या तरी डोळ्यांदेखत गोळ्या गिळायच्या. रुग्णाला ते जाचक वाटे. मजुरी बुडे, चारचौघांत जावे लागे. पण त्यात एक गोष्ट आपोआप साधत होती, आठवड्यातून तीनदा रुग्णाची कोणाशी तरी गाठ पडत होती. 'काय पाटील, कसं वाटायलंय?' एवढे तरी कोणी विचारत होते.

२०१७ च्या अखेरीस ही पद्धत बदलून देशभर रोजच्या गोळ्या सुरू झाल्या. रुग्णाचे वजन पाहून गोळ्यांची संख्या ठरते. पहिले दोन महिने एकाच गोळीत चार औषधे, पुढचे चार महिने तीन औषधे. वैद्यकीयदृष्ट्या हा बदल चांगलाच झाला, कारण रोज औषध पोटात गेले तर जंतूला डोके वर काढायला फट राहत नाही. मात्र गोळ्या आता बऱ्याच दिवसांच्या एकदम घरी जातात. आशाताई मधूनमधून विचारपूस करतात, तालुक्याचे उपचार पर्यवेक्षक फेरी मारतात, पण रोज गोळी तोंडात टाकायची ती रुग्णाने स्वतःच. म्हणजे पूर्वी पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर जेवढी भिस्त होती, तेवढी आता रुग्णाच्या समजुतीवर आली. समजूत घालायची जागा कोणती? जेथे पाकीट हातात पडते ती खिडकी. दुर्दैवाने नेमके तेथेच, 'नाव सांगा, इथे अंगठा करा, महिन्याच्या गोळ्या आहेत, चला पुढचे कोण' एवढ्यावर काम आटोपते.

तांबडी लघवी आणि बंद पडलेल्या गोळ्या

न सांगितल्याने काय होते ते पाहा. गोळीतल्या रिफाम्पिसिन या औषधामुळे लघवी केशरी-तांबडी होते. घाम, डोळ्यांतले पाणीही तसेच होते. यात काहीही धोका नाही, उलट औषध पोटात गेल्याची ती खूण आहे. पण ज्याला हे आधी सांगितलेले नाही तो माणूस सकाळी शेताच्या बांधावर लघवी पाहतो आणि हबकतो. 'रक्त पडायलंय' म्हणतो. गोळी बंद. कोणी म्हणते उष्णता झाली, कोणी कोथिंबिरीचे पाणी देते. एक वाक्य आधी सांगितले असते तर हा सगळा खेळ वाचला असता.

दुसरे दुखणे मळमळीचे. गोळ्या अनशापोटी घेणे चांगले, पण काही जणांना उमासे येतात, वांती होते. अशा वेळी गोळी सोडायची नसते. डॉक्टरांना विचारून थोडे हलके खाऊन घेता येते. अ‍ॅसिडिटीची पांढरी पातळ औषधे आपल्याकडे सरसकट चालतात. काही औषधे त्यांच्यासोबत घेतली तर नीट अंगी लागत नाहीत, म्हणून दोन्हींत अंतर ठेवावे लागते. हे सांगायला औषधांची ओळख असलेला माणूसच हवा. शेजारी-पाजारी सांगू शकत नाहीत. हातापायाला मुंग्या येणे, तळपाय जळणे हे आयसोनियाझिडमुळे होऊ शकते आणि बी-६ जीवनसत्त्वाच्या साध्या गोळीने आटोक्यात राहते. पायरेझिनामाइडने सांधे धरतात. खुरपणीला बसणाऱ्या बाईचे गुडघे धरले तर ती 'वाताचं आहे' म्हणून गप्प बसते आणि मजुरी बुडवते. हा गोळीचा परिणाम आहे, पहिल्या दोन महिन्यांनंतर ते औषध बंद होते, हे तिला कोणी सांगितलेलेच नसते.

या झाल्या सोसण्यासारख्या गोष्टी. काही गोष्टी अशा आहेत की त्यात एक दिवसही दवडू नये. डोळे पिवळे होणे, अन्नावरची वासना एकदम उडणे, उजव्या कुशीत दुखणे ही यकृताला इजा झाल्याची चिन्हे असू शकतात. इथॅम्ब्युटॉलमुळे नजर अंधुक होणे, लाल-हिरव्यातला फरक न कळणे हेही तसेच. मिरची पिकली की हिरवी आहे हे तोडताना चुकायला लागले, तर तो म्हातारपणाचा दोष समजून बसू नये, ताबडतोब डॉक्टर गाठावा. सोसायचे काय आणि धावायचे कशासाठी, हा फरक समजावणे म्हणजेच समुपदेशन. शब्द मोठा आहे, काम साधे आहे.

दारूचा विषय निघतोच. गोळ्या चालू असताना दारू घेतली तर यकृतावर दुहेरी मारा होतो. पण 'दारू सोडा' असे खिडकीतून मोठ्याने ओरडणारा माणूस रुग्णाला पुन्हा त्या खिडकीवर येऊ देत नाही, हेही ध्यानात ठेवावे. स्त्रियांच्या बाबतीत एक गोष्ट तर जवळजवळ कधीच सांगितली जात नाही. रिफाम्पिसिन चालू असताना पाळणा लांबविण्याच्या तोंडी गोळ्यांचा भरवसा राहत नाही, दुसरा उपाय करावा लागतो. मधुमेहाच्या काही गोळ्यांचा जोरही त्याने कमी होतो. गावात आता साखरेचे रोगी घरोघर आहेत, तेव्हा दोन्ही औषधे घेणाऱ्याने दोन्ही चिठ्ठ्या एकाच वेळी दाखविल्या पाहिजेत.

आणि मग येतो सगळ्यात कठीण टप्पा. महिना-दीड महिना झाला की ताप जातो, भूक लागते, अंगावर मांस चढते. 'आता बरं वाटायलंय, गोळ्या कशाला?' असे प्रत्येक रुग्णाच्या मनात येते. शेतकऱ्याला हे समजायला हरळीचे उदाहरण पुरे. वरची पाने वाळली म्हणजे हरळी मेली असे आपण धरत नाही. कांड्या जमिनीत असतात, पहिल्या पावसाला पुन्हा फुटतात. अर्धवट औषधाने उरलेले जंतू त्या औषधाला दाद देईनासे होतात, आणि मग साध्या क्षयाचा औषधाला न जुमानणारा क्षय होतो. त्यावरही आता उपचार आहेत, २०२४ साली देशात त्यासाठी सहा महिन्यांच्या नव्या तोंडी औषधपद्धतीला मंजुरी मिळाली, पण ती औषधे अधिक तीव्र आणि त्रास अधिक.

ज्याला समजावून द्यायचे आहे त्याने साधारण असे बोलावे. 'मामा, या तीन गोळ्या रोज सकाळी एकदम घ्यायच्या. लघवी तांबडी होईल, भ्यायचं नाही. एखाद्या दिवशी विसरलात तर आठवल्यावर घ्या, दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नका. डोळे पिवळे वाटले की त्याच दिवशी इकडं या. पुढच्या महिन्यात वजन करू, वजन वाढलं तर गोळ्या बदलतील.' घड्याळ लावून पाहिले तर याला दोन मिनिटेही लागत नाहीत. वजनाचा मुद्दा विसरू नये. पस्तीस ते एकोणपन्नास किलोच्या माणसाला तीन गोळ्या, पन्नास ते चौसष्टला चार. वजन वाढूनही गोळ्या तीनच राहिल्या तर औषध कमी पडते.

सांगण्याने खरेच फरक पडतो का?

सल्ला दिला की फायदा होतोच, असे आम्ही विस्तारवाले गृहीत धरतो, म्हणून जरा तपासून पाहणे बरे. तुर्कस्तानातील इस्तंबूल येथे झालेला एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. रुग्णांच्या एका गटाला औषधनिर्मात्याने बसवून समजावले, दुसऱ्या गटाला नेहमीप्रमाणे नुसती औषधे दिली. समजावलेले रुग्ण ठरल्या तारखेला अधिक नियमित आले आणि लघवीच्या तपासणीतही त्यांनी औषध घेतल्याचे अधिक आढळले. म्हणजे औषध घेण्याची शिस्त वाढते, एवढे तरी म्हणता येते.

जगण्याची प्रत सुधारते का, हा प्रश्न वेगळा. ती मोजण्यासाठी तज्ज्ञांच्या प्रश्नावल्या असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या एका प्रश्नावलीत सव्वीस प्रश्न आहेत. झोप लागते का, काम होते का, मन उदास असते का, लोक तुमच्याशी कसे वागतात, औषधपाण्याला पैसा पुरतो का, अशा धर्तीचे. मलेशियातील पेनांग येथे अशाच एका प्रश्नावलीवर रुग्णांचा पाठपुरावा केला गेला, तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. उपचाराने रुग्णांची स्थिती सुधारली खरी, पण उपचार संपल्यावरही शरीर आणि मन या दोन्ही बाबतीत ते पूर्ववत झालेले नव्हते. थुंकीत जंतू नाहीत म्हणजे माणूस पूर्वीसारखा झाला, असे नाही.

येथे एक सावधगिरी बाळगावी लागते. क्षयाचा रुग्ण गोळ्या घेतो तेव्हा सांगणारा असो नसो, त्याला बरे वाटतेच. त्यामुळे 'समुपदेशनापूर्वी एवढे गुण, नंतर तेवढे गुण' अशी तुलना करून सगळे श्रेय सांगणाऱ्याला देणे म्हणजे शेजारी बिनखताचा वाफा न ठेवता खताचे प्रात्यक्षिक घेण्यासारखे आहे. पाऊस चांगला झाला की खत चांगले होते, कळणार कसे? म्हणून माझे मत असे, की समजावून सांगण्याने क्षय बरा होतो असा दावा करू नये. क्षय गोळीने बरा होतो. पण गोळी शेवटपर्यंत घेतली जाणे, मधल्या काळात भीती कमी असणे, टाळता येणारा त्रास टळणे, घरात ताट-वाटी वेगळी न होणे, या गोष्टी सांगण्याने होतात, आणि रुग्णाचे जगणे म्हणजे शेवटी याच गोष्टी.

ताट-वाटीवरून आठवले. क्षय भांड्यांतून, कपड्यांतून पसरत नाही; खोकल्या-शिंकेवाटे हवेतून पसरतो, आणि औषध नीट चालू झाले की काही आठवड्यांत तो धोकाही बहुतांशी ओसरतो. तरीही सुनेला माहेरी पाठविणे, पोराचे लग्न मोडणे हे प्रकार चालूच आहेत. घरातल्या माणसांची तपासणी आणि गरज असल्यास त्यांना प्रतिबंधक औषध, ही सोय सरकारने केलेली आहे. ते सोडून भांडी वेगळी करणे म्हणजे आग सोपला सोडून अंगणात पाणी मारणे.

खिडकीपलीकडची अडचण

आता दुकानदाराची बाजूही ऐकली पाहिजे. १९४८ च्या फार्मसी कायद्याप्रमाणे चिठ्ठीवरचे औषध देण्याचे काम नोंदणीकृत औषधनिर्मात्याचेच आहे. २०१५ साली फार्मसी कौन्सिलने जे नियम काढले त्यांत औषध कसे घ्यायचे, कोणते त्रास होऊ शकतात, डोस चुकला तर काय करायचे हे रुग्णाला सांगणे हे त्याचे कर्तव्य म्हणून लिहिलेले आहे. पण ग्रामीण भागात अनेक ठिकाणी प्रमाणपत्र भिंतीवर टांगलेले असते आणि गल्ल्यामागे दहावी-बारावी झालेला पोरगा असतो. तो पाकिटावरचे नाव वाचून औषध देतो, यापलीकडे त्याच्याकडून अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. खरोखर शिकलेला औषधनिर्माता असला तरी बोलण्याचे त्याला काही मिळत नाही. नफा पाकिटावर आहे, शब्दांवर नाही. हेच दुखणे कृषी सेवा केंद्राचे, तेथेही सल्ला फुकट आणि बाटली विकत, म्हणून सल्ल्याच्या पोटी बाटलीच जास्त दिली जाते.

तरी मेडिकलवाल्यांना सरसकट दोष देणे बरोबर नाही. मुंबई, दिल्ली आणि पाटणा येथील ६२२ औषध दुकानांत तपासनिसांनी रुग्ण म्हणून जाऊन केलेला अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. क्षयाची मुख्य औषधे चिठ्ठीशिवाय एकाही दुकानाने दिली नाहीत. थुंकीचा 'जंतू आढळले' असा अहवाल हातात घेऊन गेलेल्यांना शंभरातून बासष्ट ठिकाणी योग्य वागणूक मिळाली, म्हणजे भलतीसलती औषधे न देता डॉक्टरकडे पाठविले. पण नुसता दोन-तीन आठवड्यांचा खोकला सांगितला तेव्हा शंभरातून तेराच ठिकाणी तसे झाले. दुकानदार कागदाला मान देतो, खोकल्याला देत नाही, असा याचा अर्थ. त्यात अर्थातच आपणही वाटेकरी आहोत, 'खोकल्याचं चांगलं बाटलं द्या' असे आपणच म्हणतो.

कायद्याचे दडपणही आहे. २०१४ च्या मार्चपासून क्षयाची बहुतेक औषधे 'एच-१' या यादीत आहेत; ती देताना डॉक्टरचे व रुग्णाचे नाव वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षे ठेवावी लागते. २०१८ च्या मार्चमध्ये केंद्राने अधिसूचना काढून क्षयरुग्णाची माहिती सरकारला न कळविणे हा गुन्हा ठरविला, त्यात डॉक्टर-प्रयोगशाळांबरोबर औषध दुकानेही आली. त्या वेळी भारतीय दंड संहितेची २६९ व २७० ही कलमे लावली होती, आता न्याय संहितेत ती २७१ व २७२ झाली आहेत. नोंद व्हावी हे योग्यच, पण कायद्याची भाषा वही लिहिण्याची आहे, रुग्णाशी बोलण्याची नाही. काही दुकानदारांनी तर 'कटकट नको' म्हणून क्षयाची औषधे ठेवणेच कमी केले. मग २०२४ साली सरकारी गोळ्यांचा तुटवडा पडला आणि मार्च महिन्यात केंद्राने राज्यांना तीन महिन्यांपुरती औषधे स्थानिक पातळीवर खरेदी करावयास सांगितले, तेव्हा बाहेर शोधाशोध करणाऱ्या रुग्णाची काय फरफट झाली असेल याची कल्पना यावी.

औषध दुकानदारांना हाताशी धरल्याचे उदाहरण आपल्या राज्यातच आहे. इंडियन फार्मास्युटिकल असोसिएशनने मुंबईत दुकानदारांना शिकवून 'डॉट्स'च्या गोळ्या दुकानातूनच द्यायला सुरुवात केली होती, त्याचा वृत्तान्त २००७ साली छापून आला. रुग्णाला दवाखान्याची रांग टळली, दुकान घराजवळ, वेळ सोयीची. २०१२ साली केंद्र सरकार आणि औषधनिर्मात्यांच्या संघटना यांच्यात देशपातळीवर करारही झाला. शहरात झाले ते खेड्यात का पोचले नाही, याचे उत्तर मला तरी अंतरात दिसते. चार-पाच गावांत मिळून एक मेडिकल, तेही एस. टी. स्टँडसमोर, गर्दीचे. तेथे 'टीबीच्या गोळ्या' असे मोठ्याने म्हणणे म्हणजे गावात दवंडी पिटणे. दुकानाच्या कोपऱ्यात एक स्टूल आणि हळू आवाज, एवढी सोय झाली तरी पुष्कळ काम होईल.

कोयता आणि सहा महिने

आपल्या भागाचा एक खास प्रश्न आहे, तो मुंबईच्या उदाहरणात बसत नाही. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात, त्या पाडव्याच्या सुमारास परततात. हंगाम पाच-सहा महिन्यांचा आणि क्षयाचा उपचारही सहा महिन्यांचा. श्रावणात ज्याच्या गोळ्या सुरू झाल्या तो नेमका बरे वाटू लागल्यावर कोयता घेऊन निघतो. फडात पहाटे चारला उठायचे, अनशापोटी गोळी घेऊन मोळ्या उचलायच्या, मळमळले तर मुकादम काय म्हणेल ही भीती. खोपीत ओल, धूर, दाटीवाटी. गोळी सुटली नाही तरच नवल.

येथे खिडकीवरच्या माणसाने एकच प्रश्न वेळेवर विचारला तर काम होते: 'तोडीला जाणार का?' उत्तर हो असेल तर जाण्याआधी चार गोष्टी करता येतात. रुग्णाचा निक्षय क्रमांक कार्डावर लिहून द्यायचा, कारण त्या क्रमांकावर देशातल्या कोणत्याही सरकारी दवाखान्यात उपचार पुढे चालू राहू शकतात. हातातल्या गोळ्या किती दिवस पुरतील ते मोजून सांगायचे. ज्या कारखान्याकडे टोळी जाणार त्या तालुक्यातले आरोग्य केंद्र कोणते, ते उपचार पर्यवेक्षकाकडून विचारून घ्यायचे. आणि अडचण आली तर १८०० ११ ६६६६ हा फुकटचा फोन क्रमांक द्यायचा. मुकादमाला सांगायचे की नाही हे रुग्णाने ठरवावे, त्याच्या नकळत कोणी सांगू नये.

ग्रामपंचायतीने काय पाहावे

२०२३ च्या क्षयरोग दिनापासून 'टीबीमुक्त ग्रामपंचायत' ही योजना चालू आहे. हजार लोकसंख्येमागे तीस संशयितांची तपासणी, हजारी एक किंवा त्याहून कमी रुग्ण, पंचाऐंशी टक्क्यांवर उपचार यशस्वी, असे सहा निकष. ते पुरे केले की पहिल्या वर्षी कांस्य रंगाचा, पुढे चंदेरी आणि मग सोनेरी गांधीजींचा पुतळा मिळतो. योजना चांगली आहे. पण रुग्ण कमी दाखविले तर बक्षीस, असा अर्थ कोणी काढला तर तपासणीच ढिली पडेल, हा धोका सरपंचांनी आणि ग्रामसेवकांनी ध्यानात घ्यावा. शिवाय रुग्णाला कोणी नीट समजावून सांगितले का, हा प्रश्न त्या सहांत कोठेच नाही.

तो प्रश्न ग्रामसभेत उघड विचारता येणार नाही, कारण रुग्णाचे नाव गुप्त राहिले पाहिजे. मात्र आरोग्य केंद्रातले औषधनिर्मात्याचे पद भरलेले आहे की रिक्त, गोळ्या देण्याची खिडकी बाह्यरुग्णांच्या रांगेपासून वेगळी आहे की नाही, वजनकाटा चालू आहे का, हे ग्रामपंचायत नक्कीच विचारू शकते. गोळ्या देणारा एकटाच माणूस शंभर-दीडशे रुग्ण निपटत असेल तर क्षयरुग्णांसाठी आठवड्यातली एक दुपार राखून ठेवा, अशी मागणी करता येते. तिला पैसा लागत नाही.

निक्षय पोषणाच्या पैशाचेही त्याच खिडकीवर सांगितले जावे. १ नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला ५०० ऐवजी १,००० रुपये झाले आहेत. सहा महिन्यांचे सहा हजार दोन हप्त्यांत येतात, पहिले तीन हजार उपचार सुरू होताना आणि दुसरे तीन हजार चौऱ्याऐंशी दिवसांनंतर. बँकेचे खाते आधारला जोडलेले नसेल तर ते अडकतात. हे पैसे अंडी, डाळ, शेंगदाणे, दूध यांसाठी आहेत. झारखंडमध्ये झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात रुग्णांच्या घरच्यांना शिधा दिल्यावर त्यांच्यातला नवीन क्षय ३९ टक्क्यांनी कमी झाला होता, तेव्हा खाणे हा उपचाराचाच भाग आहे. येत्या हंगामात टोळ्या निघण्याआधी, भाद्रपदातच, आशाताई, उपचार पर्यवेक्षक आणि ग्रामसेवक यांनी एकत्र बसून तोडीला जाणाऱ्या रुग्णांची कार्डे आणि खाती तपासून घेतली, तर दुसरा हप्ता जमा होईल तेव्हा माणूस फडात असला तरी त्याच्या गोळ्या चालू असतील.